आभार वगळून

आमच्या वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला यादी करायला सांगितली तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. मागच्या खोलीत दोन लोखंडी कपाटं भरून कॅसेटी होत्या, आमच्या व्याख्यानमालेतल्या जुन्या भाषणांच्या. त्या खोलीत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका करायची होती. मिळालेल्या अनुदानात साधारण एक तृतीयांश कॅसेटींचं डिजिटायझेशन होणार होतं, उरलेल्या भंगारात जाणार होत्या. कोणत्या ठेवायच्या ते ग्रंथपाल म्हणून मी ठरवायचं.

"सोपं आहे हो," कार्यवाह म्हणाले. "मोठी नावं आधी घ्या. आणि नुसतं भाषण ठेवायचं. प्रास्ताविक, सत्कार, आभार वगळून."

सोपं! सांगणाऱ्याचं काय जातंय?

नावं बघून यादी करायची तर अर्धा दिवस पुरला असता. पण मी घरून जुना टेपरेकॉर्डर आणला आणि दुपारी वाचनालय बंद असतं त्या वेळात एकेक कॅसेट लावून बसू लागले. लोकांना वाटलं, बाई फार मनापासून काम करतायत. मी भाषणं ऐकत नव्हते. मी आबांचा आवाज शोधत होते.

आबा म्हणजे माझे वडील. छावणीच्या पोस्टात कारकून होते, आणि व्याख्यानमालेत आभार मानायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडं होतं. ते दुसरं कुणी घ्यायचंच नाही, कारण वक्ता खाली बसला की लोक चपला शोधायला लागतात. आबा मात्र इस्त्रीचा सदरा घालून, पाठ फिरवून निघालेल्या गर्दीला उद्देशून, मंडपवाल्यापासून पाणी भरणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे रीतसर आभार मानायचे आणि शेवटी "मेहरबानी" म्हणून नमस्कार करायचे.

पुढं त्यांना घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हा माझी मुलगी झालेली नव्हती, आणि व्हिडिओ काढणारा मोबाइलही आमच्या घरात आलेला नव्हता. आबा वाचले, हे खरं. आज ते पाटीवर लिहून बोलतात, भांडतातसुद्धा पाटीवरच. पण त्यांचा आवाज कुठंच राहिला नाही. माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ते मांडवात उभे राहून तावातावानं काहीतरी बोलताना दिसतात, आणि शूटिंगवाल्यानं वरून सनई टाकलीय. गेल्या वर्षी मुलीनं विचारलं, "मम्मी, आबांचा आवाज कसा होता?" मी नक्कल करायला तोंड उघडलं. जमेना. मलाच आठवत नव्हता. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

आभार आबांनीच मानलेले, म्हणजे कॅसेटीच्या शेवटी ते सापडणारच, असा माझा साधा हिशोब. पहिली कॅसेट लावून शेवट गाठला. वक्ते म्हणाले, "एवढं बोलून मी थांबतो." टाळ्या. मग सूत्रसंचालक म्हणाले, "यानंतर आभारप्रदर्शन..." आणि खट्. पुढं नुसती खरखर.

दुसरी लावली. टाळ्या, "यानंतर", खट्. तिसरीतही तेच. आमच्याकडं रेकॉर्डिंग करायचे ते रेडिओ दुरुस्तीवाले एक काका होते. फार टापटिपीचे आणि तितकेच काटकसरी. टेप वाया जाऊ नये म्हणून आभार आले की त्यांचं बोट बटणावर. काका केव्हाच वारले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण त्या आठवड्यात मी त्यांना मनातल्या मनात जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

कॅसेटी संपत आल्या तशी मी बिथरत गेले. भाषण पळवायचं, शेवट गाठायचा, खट् ऐकायचं आणि चरफडत पुढची लावायची. एकदा या घाईत मशीननं टेप गिळली. पेन्सिलीनं ती परत गुंडाळली आणि नीट लागते का बघावं म्हणून सुरुवातीपासून लावली. एका बौद्ध शिक्षिकेचं भाषण होतं, वसतिगृहात राहून शिकलेल्या मुलींबद्दल. पोरी एकमेकींचे केस विंचरताना पाढे कसे पाठ करायच्या ते त्या सांगत होत्या. नाव मोठं नव्हतं. पण मी जागची हलले नाही, आणि ती यादीत घातली. मग दुसराच घोर लागला. आत्तापर्यंत मी नुसत्याच पळवलेल्या कॅसेटींमध्ये असं काय काय गेलं असेल? पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. घरी भाज्या करपायला लागल्या. नवरा म्हणाला, "आता वाचनालयातच गादी टाक." त्याच्याही अंगावर मी धावून गेले.

शेवटी यादी झाली. आबा एकाही कॅसेटमध्ये नव्हते.

यादीत सगळ्यांत वर एका फार नावाजलेल्या विचारवंतांची कॅसेट होती. तेवढी एक मी ऐकली नव्हती, कारण तिच्याबद्दल वादच नव्हता. कार्यवाहांनी ती पहिल्याच दिवशी माझ्या हातातून काढून घेतली होती. "ही तर पाहिजेच! मी पहिल्या रांगेत बसून ऐकलंय. काय बोलले होते! अंगावर काटा आला होता." लेबलवर काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात नाव, विषय, सगळं व्यवस्थित. डिजिटायझेशन करणाऱ्या क्रांती चौकातल्या दुकानात तीच आधी गेली.

दोन दिवसांनी दुकानदाराचा फोन आला. "मॅडम, इसमें भाषण हैच नै. कोई आदमी नुसता आभार मानतोय. पूरी साइडभर. छोड दूँ क्या? दूसरी लगाता."

"हात लावू नका," मी म्हणाले. "मी येतेय."

पुस्तक बदलायला आलेल्या एका आजोबांना काउंटरवर तसंच उभं ठेवून मी रिक्षा पकडली. क्रांती चौक नेहमीसारखा तुंबलेला. रिक्षा हलेना, माझा पाय हलायचा थांबेना. शेवटी मधेच उतरले आणि गाड्यांमधून वाट काढत साडी सावरत पळत सुटले. ट्रॅफिक पोलीस ओरडला, त्याच्याकडं बघितलंही नाही.

दुकानदारानं कॅसेट पहिल्यापासून लावली आणि हेडफोन माझ्या हातात दिला.

"मंडळी, उठू नका, बसा. पाव्हण्यांची गाडी सिल्लोडजवळ बंद पडलीय. येतील. व्हय, येतील की! तवर मला उभं केलंय. आता मला आभाराशिवाय काय येत नाय, तर मी आपलं तेच करतो."

हशा.

तो आवाज. जाडसर, जरा नाकातला, वाक्य संपताना वर जाणारा. आठवत नाही आठवत नाही म्हणत होते, तो पहिल्या शब्दाला आठवला. मी दुकानातल्या स्टुलावर बसून ढसाढसा रडले. दुकानदारानं पंखा माझ्याकडं वळवला आणि मागच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "रुको भाई, दो मिनट."

काय झालं असणार ते उघड होतं. काका लेबल दुपारीच घरून लिहून आणायचे. वक्ते आलेच नाहीत. आणि भाषणाच्या वेळेला दाबलेलं बटण काकांनी बंद केलं नाही, कारण त्यांच्या लेखी ही भाषणाची वेळ होती. आबांनी मंडपवाल्याचे आभार मानले, दिवे लावणाऱ्याचे मानले, भाकरी थापून घाईघाईनं आलेल्या बायकांचे मानले. दर साली तिसऱ्या रांगेत बसून झोपणाऱ्या, पण न चुकता येणाऱ्या एका गृहस्थांचेही मानले. माणसं खदखदून हसत होती. कुणी चपला शोधत नव्हतं.

मी तिथूनच कार्यवाहांना फोन केला. म्हटलं, ते वक्ते त्या दिवशी आलेच नव्हते.

"असं कसं? मी ऐकलंय की," ते म्हणाले. मग घसा खाकरून, "बरं, मग ती काढा, दुसरी घाला. आभार काय जपायचे?"

"त्या दिवसाचं भाषण तेच आहे."

"पण बोलतंय कोण?"

मी सांगितलं. त्यांचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "अहो, तुमचे वडील! मग आधी सांगायचं नाही का? घेऊन टाका. घरचंच आहे."

त्यावर मात्र माझं टाळकं सटकलं. वशिल्यानं नको होतं मला. जो माणूस आयुष्यभर लोकांच्या पाठींशी बोलला, त्याला एकदा लोकांनी तोंड समोर करून ऐकलं. हे वाचनालयाचं आहे, माझ्या घरचं नाही, असं मी भर दुकानात ओरडून सांगितलं. आणि जागाच करायची असेल तर तुमच्या पन्नाशीच्या सत्काराची कॅसेट काढते, हेही सांगून टाकलं. सत्कार वगळायचे म्हणणाऱ्यांनीच ती यादीत घुसवली होती. "बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. लेबल मी बदललं. वक्ता म्हणून आबांचं नाव लिहिलं, विषय म्हणून 'आभार'.

संध्याकाळी ते रेकॉर्डिंग फोनमध्ये घेऊन छावणीत घरी गेले. आबा खुर्चीत बसले होते, मुलगी त्यांच्या पायाशी. वाटेत मला भलतीच भीती वाटायला लागली होती. ज्याचा आवाज गेला त्यालाच तो ऐकवायचा, हा कसला दुष्टपणा? पण हात थांबेना. काही न सांगता मी लावलं.

आबा कान देऊन ऐकत राहिले. गाडी बंद पडली, माणसं हसली, मंडपवाला झाला. मग त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "कोण हाय हा? बरा बोलतोय."

त्यांनी आपला आवाज टेपवर कधी ऐकलेलाच नव्हता, आणि इतक्या वर्षांत आतूनही ऐकलेला नव्हता. ओळखणार कसा?

"आबा, तुम्हीच आहात," मुलगी म्हणाली.

आबांनी मान हलवली. नाही. 'कोण'खाली पेन्सिलीनं रेघ ओढली.

फोनमधला हशा ओसरला आणि बोलणारा जरा थांबला, पुढं कुणाचं नाव घ्यायचं ते आठवत असावा. त्या शांततेत आबांचे ओठ हलले. माझी मुलगी ते ओठ लहानपणापासून वाचत आलीय. ती हळूच म्हणाली, "आन् पाऊस धरून ठेवला म्हणून..."

"आन् पाऊस धरून ठेवला म्हणून," फोनमधून आबा म्हणाले, "त्या वरच्याचे बी."

पाटी त्यांच्या मांडीवरून घसरून खाली पडली. कुणी उचलली नाही. आबा बोलतच राहिले, फोनच्या बरोबरीनं, एकेक नाव घेत, आणि मुलगी डोळे न मिटता त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मी फोनचा आवाज वाढवला.