तळ्यावरचा शेजार

जोलीन प्रूइटने चाळिशी उलटल्यावर शाळेच्या बसचं स्टीअरिंग सोडलं आणि थेट विद्यापीठ गाठलं. तेही एका पदवीसाठी नव्हे, दोन! एक सार्वजनिक इतिहासाची, दुसरी ग्रंथालयशास्त्राची, आणि दोन्ही एकदम. "एक धड होईना, म्हणे दोन," तिचा सख्खा भाऊच म्हणाला. केंटकीतल्या आमच्या डोंगरात कुणी या वयात शिकायला लागलं की लोक आधी त्याची तब्येत विचारतात.

पण जोलीनला वेड लागलं होतं ते एल्डर फोर्डचं. धरण झालं तेव्हा तळ्याखाली गेलेलं गाव ते, तिच्या आईचं माहेर. लहानपणी आई तिला झोपवताना त्या गावातून फिरवून आणायची. हे चर्च, ही गिरणी, इथे वाकून ये गं, दार ठेंगणं आहे. अजूनही डोळे मिटले की जोलीनला पाण्याखाली ती दारं सताड उघडी दिसत, खिडक्यांचे पडदे संथ हलत असत आणि मासे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत निवांत जात असत.

जूनच्या शेवटच्या रविवारी त्या गावची उरलीसुरली माणसं होड्या घेऊन तळ्यात जातात. जो तो आपापल्या बुडालेल्या घराच्या बरोबर वर होडी आणतो, नांगर टाकतो आणि बसतो, जणू ओसरीवरच. मग हाकारे सुरू होतात. "अगं बर्डीन, साखर आहे का?" "कालच नेलीस की!" मासे धरायच्या लांब दांड्याच्या जाळीतून जॅम केकचे तुकडे या होडीतून त्या होडीत जातात. उन्हात पाणी चकाकतं, बोलता बोलता म्हाताऱ्यांना डुलकी लागते. तो सगळा दिवसच अर्धा झोपेतला असतो म्हणा ना.

या सगळ्यांत ओपल स्टिडम वयाने मोठी, नव्वदीला टेकलेली आणि तोंडाने तिखट. तिची मुलं दूर ओहायोत. त्यामुळे तिने जोलीनला धरलं होतं. "माझी राख माझ्या स्वयंपाकघरावर सोडायची. दुसरीकडे टाकलीस तर बघ, मानगुटीवर बसेन."

"बसा हो, मिस ओपल. पण सोडीन तिथेच, शब्द देते," जोलीन म्हणाली होती.

शेवटच्या वर्षाचं काम म्हणून जोलीनने बुडालेल्या गावाचा नकाशा करायला घेतला. घरागणिक एकेक गोष्ट माणसांच्या आवाजात टिपायची आणि गावच्या वाचनालयात ती कुणालाही ऐकता यावी, असं ठरलं. तिने धरणाच्या वेळचा जमीनमोजणीचा नकाशा आजच्या तळ्याच्या नकाशावर बसवून पाहिला, तर काय! एकही होडी आपल्या घरावर नव्हती!

झालं होतं असं, की टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचा नेम धरून सगळे नांगर टाकायचे. जुनी टाकी वादळात पडली, नवी टाकी टेकडीच्या पलीकडच्या अंगाला उभी राहिली. लोक बिचारे नेम धरत राहिले टाकीचाच. खालचं गाव जागच्या जागी आणि वरचं गाव सगळंच्या सगळं सरकलेलं. ओपलची होडी तर गावातल्या टॅकेट कुटुंबाच्या डुकरांच्या खोपटावर येत होती.

आता करायचं काय? ग्रंथालयवाल्या बाई म्हणाल्या, "चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक हरवल्यात जमा. नोंद खरी हवी." इतिहासवाले सर म्हणाले, "गाव ज्यांचं, त्यांना विचार." जोलीनची गत इकडे आड तिकडे विहीर. गप्प बसावं तर दिलेला शब्द खोटा पडणार, सांगावं तर म्हातारीचं उरलंसुरलं घरही आपल्याच हाताने बुडवल्यासारखं होणार. तिला रडू यायचं.

शेवटी तिने सांगितलं. ओपल अशी हसली की ठसका लागला. "म्हणजे इतकी वर्षं मी टॅकेटांच्या डुकरांवर बसून केक खातेय? अगं बाई!" मग तिने डोळे पुसले. "यंदा मला खऱ्या घरी ने."

त्या रविवारी तळ्यावर धुकं होतं. बाकीच्या होड्यांना मागे टाकत जोलीन वल्हवत गेली आणि नकाशातल्या जागी थांबली. ओपलने बोटं पाण्यात सोडली. "इथे चूल," ती हळूच म्हणाली. "इथे खिडकी. आई खिडकीतूनच बर्डीनच्या आईला हाक मारायची." आणि तिने सवयीने मान वळवली. शेजारी नुसतं धुकं होतं.

लांबून हसण्याचा आवाज आला. मागोमाग बर्डीनची हाक. "ओपल! कुठे तडमडलीस? केक कुणाला देऊ?"

ओपलने बोटं पाण्यातून बाहेर काढली. मग तिने हात पदराला पुसावेत तसे झग्याला पुसले. "चल परत."

"आणि राख?" जोलीनने विचारलं.

"डुकरांवर सोड. माझं घर इथे आहे गं, पण बर्डीनची जाळी इथवर पोचत नाही."

जोलीनने नकाशावर प्रत्येक घराला दोन खुणा केल्या. एक घर होतं तिथे, एक माणसं बसतात तिथे. या खुणेपाशी त्या खुणेचा पत्ता आणि त्या खुणेपाशी हिचा. बाई आणि सर दोघांनीही मान डोलावली. दोन्ही पदव्या पदरात पडल्या. भाऊ म्हणाला, "आता तिसरी कधी?"

वसंतात ओपल गेली. जूनच्या शेवटच्या रविवारी जोलीन एकटीच होडी घेऊन निघाली. टाकीचा नेम धरून तिने नांगर टाकला, डबा उघडला आणि राख अलगद पाण्यावर सोडली. राख थोडी तरंगली, मग खाली गेली.

थोड्या वेळाने शेजारच्या होडीतून बर्डीनची जाळी पुढे आली. जाळीत केकचे दोन तुकडे होते.