गाडीत काहीतरी वाजतंय

द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे माझं आणि आसिफभाईंचं. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन, सगळी कामं करतो, पण नाव झालं ते भलत्याच कामासाठी. गाडीत कुठूनतरी कुई, टक, खडखड होत असते. सर्व्हिस सेंटरवाले "नॉर्मल आहे सर" म्हणून परत पाठवतात. मग तो माणूस वैतागून आमच्याकडे येतो.

ब्रेकचं काम केलं की गिऱ्हाईक थँक यू म्हणून निघून जातं. आवाज शोधायचा तर त्याच्याबरोबर गाडीत बसून फिरावं लागतं. आणि शेजारी कुणी बसलं की माणूस गप्प थोडाच राहतो! त्यामुळे आमच्याकडे गाड्यांपेक्षा किस्सेच जास्त जमा होतात.

त्यात आवाज सांगून समजत नाही, तोंडाने काढूनच दाखवावा लागतो. एका बँकेच्या मॅनेजर साहेबांनी, टाय वगैरे लावलेल्या, भर गॅरेजात "किर्रर्र... टक!" असा काही आवाज काढला, की दारात झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं.

*

गंगापूर रोडचं एक जोडपं आलं. दोघं नोकरीवाले, रोज एकाच गाडीतून जाणारे.

साहेब म्हणाले, "टक टक असा आवाज येतो."

बाई म्हणाल्या, "टक टक नाही हो. कुई असा येतो."

"मी गाडी चालवतो. मला माहीत नाही?"

"कान मलाही आहेत!"

आसिफभाई मागच्या सीटवर डोळे मिटून बसले. आम्ही नदीपर्यंत जाऊन आलो. वाटेत दोघांचं टक टक आणि कुई चालूच होतं. परत आल्यावर आसिफभाई म्हणाले, "दोघांचं बरोबर आहे. साहेबांच्या दारात क्लिप ढिली आहे, ती टक टक करते. मॅडमच्या समोरचा कप्पा घासतो, तो कुई करतो."

"म्हणजे मी हिला उगाच वेड्यात काढत होतो," साहेब हळूच म्हणाले.

"आणि मी यांना बहिरं समजत होते," बाई म्हणाल्या. मग दोघंही हसत सुटले.

आठवड्याने साहेबांचा फोन आला. म्हटलं, आवाज परत आला की काय? तर म्हणाले, "आवाज गेला हो. पण ऑफिसपर्यंत बोलायचं काय, हा मोठा प्रॉब्लेम झालाय!"

*

सटाण्याहून एक बापू आले. कांद्याची शेती, छोटी कार, आणि एकच तक्रार. "गाडीमा आवाज शे."

मी त्यांच्या शेजारी बसलो. द्वारका, मुंबई नाका, पुन्हा द्वारका. काही नाही! बापू ओशाळले, माफी मागून गेले. पुढच्या वेळी बाजाराला आले तेव्हा पुन्हा आमच्या दारात. "आवाज शेच!" मी पुन्हा बसलो, पुन्हा चिडीचूप. बापूंचा चेहरा असा पडला, की मलाच वाईट वाटलं. घरातले म्हणे आधीच हसत होते, म्हाताऱ्याच्या कानात भुंगा शिरलाय म्हणून.

तिसऱ्यांदा आले तेव्हा माझ्याकडे दुसरी गाडी उघडून पडलेली होती. म्हटलं, बापू, तुम्ही एकटेच एक चक्कर मारा, मी इथूनच ऐकतो. गाडी गल्लीत वळली आणि मला लांबूनच ऐकू आलं. टकाटक, टकाटक!

भानगड अशी होती, की शेजारची सीट रिकामी असली की तिच्या पट्ट्याचं बक्कल दाराच्या खांबावर आपटायचं. आवाज ऐकायला मी बसायचो, बसलो की पट्टा लावायचो, आणि पट्टा लावला की आवाज बंद!

मी बापूंना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, विचार केला, आणि म्हणाले, "मंग आते तुमले रोज संगे बसाडी फिरनं पडी का?"

*

देवरे सर रिटायर्ड शिक्षक. गाडी जुनी, पण सरांना तिचं भारी कौतुक. "लोण्यासारखी चालते. इतकी वर्षं झाली, कुठून हूं नाही की चूं नाही!" आम्ही काही बोलायचो नाही. कारण सर वळणावर असतानाच आम्हाला इकडे कळायचं, की सर आले.

एक दिवस सर घाबरेघुबरे होऊन आले. बरोबर मुलगी. "अहो, काल संध्याकाळपर्यंत गाडी ठणठणीत होती. आज सकाळी चालू केली तर सगळंच वाजतंय! दार वाजतंय, डॅश वाजतोय, मागे काहीतरी ओरडतंय. एका रात्रीत असं काय झालं?"

मी विचारलं, "सर, काल कुठे आपटली का?"

"छे हो!"

मुलीने सरांच्या पाठीमागून स्वतःच्या कानाकडे बोट केलं. मग हळूच म्हणाली, "काल बाबांना कानाचं मशीन घेतलं."

आम्हाला हसू फुटणार होतं, पण सरांच्या तोंडाकडे बघून दाबलं. त्यांना खरंच धक्का बसला होता. एवढ्या वर्षांची सोबतीण, आणि तिचं हे रूप! सर थोडा वेळ गाडीच्या टपावर हात ठेवून उभे राहिले. आसिफभाई म्हणाले, "सर, दोन दिवस ठेवा इथे. जेवढं जमेल तेवढं बंद करून देतो."

"कशाला उगाच तिला त्रास," सर म्हणाले. मशीन काढून त्यांनी खिशात ठेवलं, गाडी चालू केली, कान देऊन ऐकलं आणि खुशीत म्हणाले, "बघा! झाली की दुरुस्त!"

*

पिंपळगाव बसवंतचा एक तरुण द्राक्षवाला, स्वतःचं पॅकहाऊस असलेला. गाडी मोठी, नवी. मागच्या सीटखालून खुळखुळ असा बारीक आवाज यायचा. आम्ही सीट उचलली, तर खालच्या खाचेत चांदीचं पैंजण!

आम्हाला वाटलं खूश होईल. त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, "बहिणीच्या लग्नात हरवलं होतं हे. आईने लताबाईंवर आळ घेतला. माझ्या लहानपणापासून आमच्या घरात काम करायच्या त्या. एक शब्द न बोलता काम सोडून गेल्या."

मी पैंजण पुसून त्याच्या हातात द्यायला लागलो. त्याने घेतलं नाही. "होतं तिथेच ठेवा. सीट बसवून टाका. मी सांगितलं तर आईला वाटेल, लताबाईंना वाचवायला मीच आणून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन आला. काठापदराचं पातळ नेसलेल्या, करारी चेहऱ्याच्या मावशी. आसिफभाईंनी त्यांच्यासमोर सीट उचलली. मावशींनी वाकून बघितलं. स्वतः हात घालून पैंजण काढलं. मग पैंजण पदराच्या टोकाला बांधून गाडीत बसल्या.

मुलाने विचारलं, "घरी जायचं ना?"

"आधी लताच्या दारात," मावशी म्हणाल्या. "आणि गाडी लांब उभी कर. तिथून मी चालत जाईन."

*

मखमलाबादकडच्या सुनंदाताई झेंडू आणि शेवंती लावतात. माल व्हॅनमधून फूलबाजारात न्यायचं काम त्यांचे मिस्टर दामूभाऊ करायचे. उंच, ताडासारखा माणूस. त्यांची पाठ धरली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. मग सुनंदाताईंनी ड्रायव्हिंग शिकून घेतलं आणि स्वतःच बाजाराला जायला लागल्या.

आमच्याकडे आल्या तेव्हा बरोबर धाकटा दीर होता, किसन. तोही भावासारखाच उंच. तोच बोलत होता. "दादा चालवायचा तवा कधी आवाज नाय आला. वहिनीनं हातात घेतली अन् गाडी रडाया लागली. मी म्हणतो, गाडी माझ्याकडं द्या, पार मोडायच्या आत. माल मी नेत जाईन."

आम्ही म्हटलं, बघू. आधी किसनने सीट मागे ढकलून चक्कर मारली. मी मागे फुलांच्या क्रेटांमध्ये बसलो होतो. काही म्हणजे काही आवाज नाही. मग सुनंदाताई बसल्या, सीट पुढे ओढली, गाडी काढली. पहिल्याच गतिरोधकावर कुई, कुई, कुई!

"ऐका!" किसन म्हणाला.

ताईंनी गाडी गॅरेजसमोर आणून थांबवली, पण उतरल्या नाहीत. स्टिअरिंग तसंच घट्ट धरून बसल्या. "माझंच चुकत असंल," त्या म्हणाल्या. "पण मला लय आवडाया लागलं होतं, भाऊ. पहाटं बाजाराला जायाचं."

आसिफभाईंनी त्यांना उतरायला सांगितलं आणि स्वतः बसले. आसिफभाई ठेंगणे, त्यामुळे सीटला हातही लावला नाही. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. सगळी वाट कुई कुई!

"अरे, गाड्या चालवता चालवता म्हातारा झालो," ते उतरत म्हणाले, "आणि मला पण येत नाही का काय? किसनभाऊ, आता तुम्ही या. सीट मात्र मागे घ्यायची नाही."

किसन कसाबसा आत शिरला. गुडघे स्टिअरिंगला टेकलेले, मान छताला. गाडी हलली आणि कुई, कुई, कुई!

आसिफभाईंनी सीटखालची पट्टी दाखवली. दामूभाऊ कायम सीट पार मागे घेऊन बसायचे. पट्टीच्या पुढच्या भागावरून सीट कधी सरकलीच नव्हती. तिथे नुसता गंज आणि धूळ. सीट पुढे आली, की तिथे घासून ओरडायची. चालवणाऱ्याचा त्यात काही संबंधच नव्हता!

पट्टी साफ करून ग्रीस लावलं. ताईंनी स्वतः चक्कर मारली. आवाज बंद. किसन रस्त्याकडे बघत म्हणाला, "मी जातो मंग. बस मिळंल मला."

"बसा की," ताई म्हणाल्या. "सोडते."

नंतर बऱ्याच महिन्यांनी ऑइल बदलायला त्या आल्या, तेव्हा दामूभाऊही बरोबर होते. पाठ बरी झाली होती, ताठ चालत होते. काम संपलं तशी आसिफभाईंनी किल्ली त्यांच्यापुढे धरली. "डॉक्टरने परवानगी दिली म्हणे! आता तुम्हीच चालवणार ना?"

दामूभाऊंनी ड्रायव्हरच्या सीटकडे एकदा बघितलं. मग वळसा घालून पलीकडे गेले, डावीकडचं दार उघडलं, आत बसून पट्टा लावला.

"नाय बा," ते म्हणाले. "तिथं आता माझे गुडघे मावत नाय."