दोन किलो

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या विट्याकडच्या गावातली निम्मी पोरं सोनं गाळायच्या, म्हणजे गलाईच्या कामाला परमुलखात जायची, उरलेली सैन्यभरतीच्या मागे असायची. माझे वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे मी कुठं जायचं हे माझ्या जन्माआधीच ठरलं होतं. पळण्यात गावात मला कुणी गाठू शकत नव्हतं. घोडं पेंड खात होतं ते वजनात. पन्नास किलो लागायचं आणि मी अठ्ठेचाळीसच्या वर सरकत नव्हतो. मित्र मला काडीपैलवान म्हणायचे. साताऱ्याची ती भरती माझी शेवटची, पुढच्या खेपेला वय बसणार नव्हतं.

सकाळी साताऱ्याच्या स्टँडवर वडिलांनी दीड डझन केळी घेतली.

"खा रं सगळी. आन वरनं पाणी वढ. काटा एकदा पन्नासावर गेला की झालं. मग पळायला तुला कोण धरतंय?"

ही युक्ती काही त्यांची एकट्याची नव्हती. मैदानाबाहेर कितीतरी पोरं तेच करत होती. मी तेरा केळी खाल्ली आणि वडिलांची फौजेतली पाण्याची बाटली दोनदा रिकामी केली.

त्या दिवशी आधी वजन आणि मग पळणं होतं. काटा पन्नासावर जाऊन थांबला. मी कुंपणाकडं बघितलं. पलीकडून वडिलांनी मूठ वर केली. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

अर्ध्या तासात आमची तुकडी पळायला सोडली. शिट्टी झाली आणि मी रोजच्यासारखाच जोर लावला, पण अंग उचललंच जाईना. शाळेत सरांनी आम्हाला एकदा रिकामी बैलगाडी ढकलायला लावली होती, आणि मग तिच्यात सहा पोरं बसवून पुन्हा. जोर तेवढाच ठेवून वस्तुमान वाढवलं की त्वरण कमी होतं, हे मी पेपरात लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. आता गाडी मीच आणि ढकलणाराही मीच. पायांतलं बळ अठ्ठेचाळीस किलोच्या माणसाचं होतं. वेग घ्यावा म्हटलं की पोटातलं पाणी डुचमळायचं आणि पाय मागं राहायचे. एरवी मी ज्यांच्याकडं वळूनही बघितलं नसतं, ती पोरं मला मागं टाकून गेली. हवी तेवढी पोरं पोचली की उरलेल्यांना अडवायला दोरी धरायचे. मी पाच पावलांवर असताना ती आडवी आली.

मग केळी, पाणी, सगळं बाहेर पडलं. आता मी हलका झालो होतो, हवं तेवढं पळू शकलो असतो. केळी खाल्ली नसती तर काट्यावरूनच हाकललं असतं आणि खाल्ली म्हणून दोरीनं अडवलं. माझ्यासारख्याला आत जायला वाटच नव्हती. मी मातीत बसून राहिलो, रडूही आलं नाही.

संध्याकाळी एसटीनं आम्ही गावी परतलो. घरापाशी शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा वडील म्हणाले, "वजनात गेलं पोरगं. दोन किलो कमी भरलं."

आपला मुलगा पळण्यात मागं पडला, हे त्यांच्या फौजी तोंडातून निघेना. आणि केळी त्यांनीच चारलेली. मी गप्प बसलो. आत आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"माज्याच हातचं खाऊन कमी भरलं व्हय," ती एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात तूप वाढलं, सकाळी दोन अंडी आली. तिच्या चहातलं दूध माझ्या पेल्यात यायला लागलं. नको म्हटलं तर तिचे डोळे भरायचे. वजन भरलं होतं, हे मला तिला सांगता आलं असतं. मग कशात गेलास, असं तिनं विचारलं असतं आणि सगळं वडिलांवर गेलं असतं. म्हणून मी घास गिळत राहिलो. माझी मला चीड यायची.

वडील गेले, तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुढं आई अंथरुणाला खिळली. भरतीचं वय उलटून मला सहा वर्षं झाली होती. एका दुपारी तिनं माझं मनगट हातात घेऊन चाचपलं.

"आता किती भरतंय रं तुजं?"

"पासष्ट," मी म्हणालो.

"मंग आता घेत्याल की," ती म्हणाली.