दोन्ही पायांचं माप

नांदवडचं कुणीही न्यू जर्सीत आलं, मग ते मुलाकडे आलेलं असो, नुसतं हिंडायला आलेलं असो, की आमच्या संस्थानच्या राणी, बाईसाहेब, त्याला रविवारी दुपारी जेवायला बोलवत. स्वतः गाडी घेऊन आणायला जात. पार्सिपनीच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात मटण, भाकरी, पांढरा रस्सा असं साग्रसंगीत जेवण असे. पाहुण्याला आग्रह करकरून वाढत. त्याचे हात धुऊन झाले की कपाटातून एक फाईल काढत आणि त्यातलं एक कात्रण त्याच्यापुढे ठेवत.

"जेवलात? आता वाचा. मोठ्यानं."

कात्रण त्या पाहुण्याच्याच पत्राचं असे. २००२ साली आमच्या गावच्या साप्ताहिकात छापून आलेलं.

त्या वर्षी नांदवडच्या राजेसाहेबांनी जाहीर केलं होतं, की यापुढे दसऱ्याचा मान देवस्थानाने सांभाळावा, पाय साथ देत नाही, आम्ही बाईसाहेबांच्या भावाकडे अमेरिकेला जात आहोत. संस्थान जाऊन किती वर्षं झाली होती, पण दसऱ्याला दुपारपासून दिवे लागेपर्यंत राजाने वाड्याच्या पायऱ्यांवर उभं राहायचं आणि प्रत्येक घरातून आलेलं सोनं हातात घ्यायचं, हा रिवाज चालू होता. मध्ये बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही. आता तो बंद म्हटल्यावर गाव पेटलं. साप्ताहिकाने 'राजाने गाव सोडावं का?' असा मथळा देऊन आठवड्यामागून आठवडे पत्रं छापली. ज्यांना राजेशाही नको होती, त्यांनाही राजा जायला नको होता.

मी बाईसाहेबांकडे राहत असताना आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर एडिसनला मुलाकडे आले होते. त्यांनाही ते जेवण मिळालं आणि ते कात्रणही. सर वाचताना अडखळले, तशा बाईसाहेब म्हणाल्या, "मास्तर, 'पलायन' नीट म्हणा. ऱ्हस्व-दीर्घासाठी पोरांना उभं करायचात तुम्ही."

"बाईसाहेब, तेव्हा भावनेच्या भरात..."

"भावनेच्या भरात दोन कॉलम भरलेत. पुढचा परिच्छेद."

सर घामाघूम झाले. मग बाईसाहेबांनी त्यांना विडा दिला आणि एडिसनला त्यांच्या दारात नेऊन सोडलं. घरी परत येऊन त्या छान झोपल्या.

इथल्या मराठी मंडळातल्या लोकांशीही त्यांचं यावरून वाजे. एकदा गणपतीत कुणी काका म्हणाले, "राजांनी असं जायला नको होतं हो." बाईसाहेबांनी विचारलं, "तुम्ही कधी आलात?" "एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी." "गावी कोण आहे?" "आई असते एकटी." "म्हणजे तुम्ही आलात ती प्रगती, आणि आम्ही आलो ते पलायन." काका प्रसादाच्या रांगेत निघून गेले. एरवी बाईसाहेब स्वतःला 'मी' म्हणत. 'आम्ही' आलं की समोरच्याने सांभाळावं.

मी २००४ च्या ऑगस्टमध्ये एम. एस. करायला आले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील शिंपी, शाळेत जेमतेम दुसरीपर्यंत गेलेले. सही करता येते, वाचता येत नाही. इथे ओळखीचं कुणी नव्हतं. निघण्याआधी बाईसाहेबांच्या भावाची ई-मेल आली, की ताई तुला विमानतळावर घ्यायला येईल, राहायचीही सोय करेल. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण वडिलांचंही पत्र त्या साप्ताहिकात छापून आलं होतं. पण दुसरीकडे जागा नव्हती, आणि मी स्वतःला समजावलं, की एवढ्या पत्रांत एका शिंप्याचं पत्र कोण लक्षात ठेवतं.

विमानतळावर त्या पिवळ्या जॅकेटमध्ये उभ्या होत्या. त्या शाळेची बस चालवत. वाड्यातली जीप चालवायला शिकलेल्या, तेच इथे कामाला आलं. मी वाकून नमस्कार केला. "काकू म्हण," त्या म्हणाल्या. "इथे सगळे काकूच म्हणतात." मला ते कधी जमलं नाही.

घरी जेवण झालं. फाईल निघाली. त्यांनी कात्रण मला लांबूनच दाखवलं.

"गणपत शिंप्याची पोर ना तू? हे तुझ्या बापाचं. तुला वाचायला लावणार नाही. त्यालाही वाचता येत नाही, ठाऊक आहे मला. तुझ्या पदवीदानाला येईल तो. तेव्हा त्याला मी वाचून दाखवीन. तोवर राहा. तू माझी पाहुणी, तो माझा आरोपी."

अशी मी जवळजवळ दोन वर्षं राहिले. खोटं सांगत नाही, इतकी माया मला परक्या घरात कुणी लावली नाही. मी प्रयोगशाळेतून दमून आले की ताट झाकलेलं असे. गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं, शेजारी बसून, आवाज न चढवता. "घाबरतेस कशाला? घोडा नाही हा. पाय काढला की थांबतो." एका सकाळी मी त्यांच्या बसथांब्याशी उभी होते. एका मुलीने चढता चढता विचारलं, "आर यू अ रिअल क्वीन?" बाईसाहेब म्हणाल्या, "यस. सिट डाउन." मुलगी बसली.

राजेसाहेबांबद्दल त्या फारसं बोलत नसत. मी यायच्या आदल्या हिवाळ्यात ते गेले होते, हृदयविकाराने. एकदाच, भाजी निवडताना, त्यांनी मला त्या पत्राचं सांगितलं. साप्ताहिक इथे पोस्टाने यायचं, महिनाभर शिळं होऊन. बाकीची पत्रं वाचून राजेसाहेब हसायचे. वडिलांचं पत्र मात्र त्यांनी घडी करून पाकिटात ठेवलं.

"जाताना गावाचं नाव नाही घेतलं त्यांनी," बाईसाहेब म्हणाल्या. "गणपतचं घेतलं. गणपतने असं का केलं, म्हणाले. त्याला तर सगळं माहीत होतं." मग हातातली पालेभाजी खाली ठेवून म्हणाल्या, "बाकीच्यांना आम्ही वाचायला लावून सोडतो. तुझ्या बापाला सोडणार नाही."

'सगळं माहीत होतं' म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण त्या पत्रातली जी ओळ त्यांना जाळत होती, ती मला पाठ होती, आणि ती का पाठ होती हे त्यांना सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. रोज वाटायचं, उद्या सांगू.

२००६ च्या मे महिन्यात पदवीदानाला वडील आले. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेले, नवा शर्ट स्वतःच शिवलेला. बाईसाहेबांनी त्यांना आणलं. रविवारी दुपारी जेवायला बसवलं. वडील खुर्चीवर बसेनात. "सरकार, मी खाली बसतो." "गणपत, इथे खाली बसायला जागा नाही. बस." ते खुर्चीच्या कडेवर बसून जेवले.

हात धुऊन झाले. फाईल निघाली.

बाईसाहेबांनी चष्मा लावला आणि सपाट आवाजात वाचायला सुरुवात केली. दसऱ्याला राजा नाही तर मी कुणासाठी शिवू, असं सुरुवातीला होतं. मग ती ओळ आली. "मी बावीस वर्षं राजेसाहेबांची सुरवार शिवतो आहे. दोन्ही पायांचं माप एकच आहे. त्यांचा पाय दुखत नाही, त्यांना गाव खुपतं."

त्यांनी चष्मा काढला.

"सगळं गाव म्हणालं, शिंपीच सांगतोय म्हणजे खरंच असणार. वकील बोलला असता तर कुणी मानलं नसतं. गणपत, डाव्या पायाला आतून कापसाचं अस्तर कोण लावत होतं?"

"मीच, सरकार."

"पाय बारीक आहे हे किती जणांना ठाऊक होतं?"

"तुम्ही, ते आणि मी."

"मग?"

वडिलांनी खाली बघितलं. "पत्र माझंच आहे, सरकार. माझी सही आहे. तुम्ही म्हणाल ती शिक्षा."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. लहानपणच्या तापात राजेसाहेबांचा डावा पाय अधू झाला होता, तो बारीक राहिला होता, आणि तो दिसू नये म्हणून माझे वडील बावीस वर्षं सुरवारीच्या आत अस्तर शिवत होते. घरात आम्हाला कुणालाही न सांगता. आणि मी वडिलांकडे बघत होते, ते माझ्याकडे बघत नव्हते. एकदाही नाही. मी गप्प बसावं म्हणून.

"ती ओळ माझी आहे," मी म्हणाले.

"वर्षा, तू आत जा," वडील म्हणाले.

"यांनी फक्त पहिलं वाक्य सांगितलं होतं. कुणासाठी शिवू, एवढंच. बाकीचं मी लिहिलं. मापाचं मी मनाने घातलं. त्यांनी न वाचता सही केली."

बाईसाहेबांनी विचारलं, "पायाचं तुला ठाऊक होतं?"

"नाही."

"मग लिहिलंस कशाला?"

त्या वर्षी गावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी पहिली आले होते. पहिल्या आलेल्याला दसऱ्याला वाड्याच्या पायऱ्यांवर राजाच्या हातून शेला आणि नारळ मिळायचा. आमच्या घरातलं कुणी त्या पायऱ्या चढलं नव्हतं. वडील कायम मागच्या दाराने जात. माझी पाळी आली आणि सहा आठवडे आधी राजा निघून गेला. मला सूड घ्यायचा होता. हे सगळं मी सांगू शकले असते, आणि ते खरंही होतं. पण त्याहून खरं जे होतं, तेच तोंडातून आलं.

"मला वाक्य चांगलं वाटलं."

बाईसाहेबांनी कात्रणाची घडी घातली. वडिलांकडे वळून म्हणाल्या, "गणपतराव, चार वर्षं आम्ही चुकीच्या माणसाला शिव्याशाप दिले. ते गेले तेही तुमच्यावर राग धरून गेले. त्यांच्या वतीने माफी मागते." आणि त्यांनी हात जोडले. वडील रडायला लागले. गावात त्यांना कुणी गणपतराव म्हटलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे वडील तिथे होते. बाईसाहेबांनी त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवून समुद्र दाखवला, एडिसनच्या दुकानांत हिंडवलं, बसच्या डेपोत नेऊन सगळ्या ड्रायव्हरांशी 'माय फॅमिली टेलर' म्हणून ओळख करून दिली. ते तीन आठवडे माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ताट झाकलेलं असे, पण ते का झाकलंय हे आता मला कळत नव्हतं. वडील मध्ये बसून मुकाट जेवायचे.

एका दुपारी मी वडिलांना विचारलं, "छापून आल्यावर तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवलं असेल. तेव्हाच का नाही सांगितलंत, की हे खोटं आहे?"

"खोटं आहे म्हटलं की खरं काय ते सांगावं लागतं, पोरी," ते म्हणाले. "आणि तू पहिली आली होतीस."

वडील परत गेले. मला ओहायोत, डब्लिनमध्ये नोकरी लागली. सामान बांधत होते तेव्हा बाईसाहेब दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता तरी त्या बोलतील. त्या बोलल्या.

"गावाला पत्र लिहून चूक कबूल करायचं तुझ्या मनात असेल. त्यात पायाचं लिहावं लागेल. ते त्यांनी जन्मभर झाकलं. तेव्हा आम्ही जिवंत आहोत तोवर तू यातली एक ओळही लिहायची नाहीस. कुठेही नाही, कुणालाही नाही. तुझा बाप गावात खोटा ठरला तरी नाही. तुला लिहिता येतं ना? मग एवढी शिक्षा बरी."

मी मान हलवली. डब्लिनहून मी अनेकदा फोन केला. माझा आवाज ऐकला की त्या फोन ठेवत. तिकडे गावात काही लोक अजूनही राजेसाहेबांना ढोंगी म्हणत, आणि काही वडिलांना खाल्ल्या मिठाला न जागलेला. दोन्ही माझंच होतं. कागद पुढे घेऊन मी बसायचे आणि तसाच उचलून ठेवायचे. त्यांनी नेमकी जागा शोधून मारलं होतं. मला ते अन्यायाचं वाटलं नाही, आजही वाटत नाही. गावातल्या शंभर जणांनी लिहिलं आणि विसरले. विसरू न देणारं कुणीतरी एक असावं लागतं, आणि ते काम त्या चोख करत होत्या.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या भावाचा फोन आला. बाईसाहेब गेल्या होत्या. आजार कळल्यापासून फार दिवस मिळाले नव्हते. त्यांनी फाईल जाळायला सांगितली होती, आणि शेवटच्या आठवड्यात माझ्यासाठी एक निरोप दिला होता. भावाने तो जसाच्या तसा सांगितला.

"तिला म्हणावं, आता लिही. पायाचंही लिही. माफ केलेलं नाही. आणि वाक्यं चांगली करू नकोस."

राजेसाहेबांचा डावा पाय उजव्यापेक्षा बारीक होता. तो दुखत असे. माझ्या वडिलांना ते ठाऊक होतं आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला ठाऊक नव्हतं आणि मी लिहिलं.