पाचवा कॅन

काम इतकं नीट करू नये माणसानं! मणीमामांना ही अक्कल आली अठ्ठावन्नाव्या वर्षी, तीही पाणीपुरवठा कार्यालयाचा कागद वाचून.

वस्तीच्या बोअरच्या पाण्यात युरेनियम निघालं, तेव्हा बोअरशेजारच्या खोलीत दोन टाक्या बसवून मामांना त्यांच्यावर नेमलं होतं. टाकीत मोहरीएवढे पिवळसर मणी. पाणी त्यांच्यातून गेलं की युरेनियम मण्यांना चिकटून बसतं आणि नळाला चांगलं पाणी येतं. येईल त्याला मामा हे ऐकवत, म्हणून नाव पडलं मणीमामा. पण त्यांचा जीव अडकला होता तो थोरल्या बहिणीत. ताईची मूत्रपिंडं अर्धी कामातून गेलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "प्यायचं ते याच नळाचं. बोअरचं पाणी प्यायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका."

सहा महिने नळाच्या पाण्याचे अहवाल आले : युरेनियम नाही. सातव्या महिन्यात कागद आला : ज्याअर्थी पाण्यात युरेनियम नाही, त्याअर्थी ते काढणाऱ्या यंत्राची गरज नाही. यंत्र उचलण्यात यावे. मामांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अहो, यंत्र आहे म्हणून नाही!" ते फोनवर ओरडले.

"नाही ना? मग झालं तर," पलीकडून उत्तर आलं.

मामांनी डोकं लढवलं आणि पुढच्या महिन्यात मुद्दाम बोअरच्याच पाण्याची बाटली तपासणीला धाडली. उत्तर आलं : युरेनियम आढळले, सबब यंत्र निकामी. उचलण्यात यावे. आता बोला! इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींत युरेनियम.

मंगळवारी कार्यालयाचे साहेब जीप घेऊन आले. सोबत चार माणसं, पाने, दोरखंड. आणि मागे पाच रिकामे कॅन.

"उचलण्याआधी एवढे नळाचे भरून द्या," साहेब हळूच म्हणाले. "घरी हेच लागतं हो. मिसेस ऐकत नाहीत."

ताई दारातच बसली होती. जिभेला हाड नाही बाईच्या. "का हो साहेब, यंत्राची गरज नाही ना? मग बोअरचंच न्या की!"

साहेबांनी स्वतःच कॅन उतरवून नळाखाली लावले.

मामांना रडू फुटायचं बाकी होतं. तरी त्यांनी नळ सोडला. चार कॅन भरले. पाचवा गळ्याशी आला आणि त्यांनी नळ बंद केला.

"मणी दमले, साहेब. उरलेलं पुढच्या मंगळवारी."

"अहो, पण हुकूम आजचा आहे!"

"मग न्या टाक्या. कॅन मात्र असाच राहील."

साहेबांनी एकदा कॅनकडे पाहिलं, एकदा हुकमाकडे. मग पेन काढून शेरा मारला : काम स्थगित. कॅन भरणे बाकी.

याला चार वर्षं झाली. दर मंगळवारी जीप येते, दोरखंडासकट. ताई दारात बसून नळाचं पाणी पिते आणि साहेबांना चार शब्द सुनावते. पाचवा कॅन मामांनी अजून एकदाही काठोकाठ भरलेला नाही.