परवाबाईची वेळ

सगळा वॉर्ड तिला परवाबाई म्हणायचा. त्यात राग नव्हता, अनुभव होता. कपडा शिवायला टाकला की ती मापं घ्यायची, वहीत लिहायची आणि ठसक्यात सांगायची, “परवा या.” बायका मनातल्या मनात आणखी दोन दिवस धरायच्या आणि मगच जायच्या. वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

गळ्याभोवती टेप असला की समोरच्या बाईला हलता येत नाही, हे तिने केव्हाच हेरलं होतं. निवृत्त झालेल्या नर्सबाईंच्या मागे तिने तीन वर्षं असाच लकडा लावला होता. “निम्मा वॉर्ड बायकांचा, आणि इथून नगरपालिकेत आजवर एकही बाई गेली नाही. तुम्ही उभ्या राहाच.”

“आधी टेप सैल कर,” नर्सबाई म्हणायच्या. यंदा मात्र त्या हो म्हणाल्या, आणि परवाबाईच अडचणीत आली.

कारण नवरा. गेली बारा वर्षं तो वॉर्डातल्या नगरसेवकांची गाडी चालवत होता. बिचारा भांडला नाही. एवढंच म्हणाला, “तुला काय करायचंय ते कर. फक्त कागदावर तुझं नाव नको.” तिने शब्द दिला होता.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस उजाडला. मुदत दुपारी तीनपर्यंत. वॉर्डातल्या दहा मतदारांनी सूचक म्हणून अधिकाऱ्यांसमोर सही करायची होती. परवाबाईने आदल्या दिवशी दहा घरं पालथी घालून दहा जणींना बजावलं होतं, “एक वाजता या.”

एक वाजला. दोन वाजले. कचेरीच्या बाकावर नर्सबाई, परवाबाई आणि दहांपैकी फक्त वॉर्डात नवीनच राहायला आलेली एक शिक्षिका, एवढ्याच तिघी. नर्सबाई अर्जाची घडी घालत होत्या आणि उलगडत होत्या. “घाबरल्या असतील गं सगळ्या. मी सांगत होते तुला.”

परवाबाईने अंगणात जाऊन दहांपैकी एकीला, बेकरीवालीला, फोन लावला.

“अगं, निघतेच आहे,” बेकरीवाली आरामात म्हणाली. “तू एक म्हणालीस, म्हणजे तीन. मला काय माहीत नाही होय?”

परवाबाईच्या आता लक्षात आलं. घाबरलं कुणीच नव्हतं. वीस वर्षं तिनेच ज्यांना शिकवलं, त्या तिचा धडा इमानेइतबारे गिरवत होत्या. मग तिने एकेकीला फोनवर असं काही फैलावर घेतलं, की पहारेकरीसुद्धा दोन पावलं मागे सरला.

पावणेतीनला धापा टाकत बायका आल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या पायात दोन वेगळ्या चपला. सह्या झाल्या. कारकुनाने मोजल्या. “नऊ. एक कमी आहे.”

दहावी होती धोबीण, आणि ती फोन उचलत नव्हती. तीनला सहा मिनिटं होती. नर्सबाईंनी पर्स उचलली. “राहू दे गं. पुढच्या वेळी बघू.”

पुढच्या वेळी म्हणजे पाच वर्षांनी. परवाबाईने खिडकीतून पाहिलं. अंगणात नगरसेवकांची गाडी उभी होती आणि तिचा नवरा फडक्याने काच पुसत होता. ती काच सकाळीच पुसून झाली असणार, पण त्याला रिकामं उभं राहता येत नसे. तिला रडू आलं.

“मतदारयादीत माझं नाव बघा,” ती कारकुनाला म्हणाली.

त्याने नाव शोधलं आणि तिने दहावी सही केली. मागे कुणीतरी खाकरलं. स्वतःचा अर्ज भरून बाहेर पडत असलेले नगरसेवक तिच्या खांद्यावरून कागद बघत होते. “अक्षर छान आहे तुमचं,” ते हसून म्हणाले.

तीन वाजून पाच मिनिटांनी धोबीण आली, नवे कपडे घालून, नीट केस विंचरून. “झालं नाही ना सुरू अजून?”

गाडी निघण्याआधी नवऱ्याने काच खाली केली. सहीचं त्याला कळलंय की नाही, ते तोंडावरून समजेना. “घरी किती वाजता येशील?”

“पाचला.”

आणि ठीक पाचला ती घरी होती. दारात त्याचे बूट नव्हते. तिने मशिनवर बसून एक शिवण घातली, ती वाकडी गेली, उसवली, पुन्हा घातली. सहा वाजले. साडेसहा वाजले. त्याचा फोन बंद होता. नगरसेवक काय म्हणाले असतील, हा काय बोलला असेल, कुठे गेला असेल, काही सुचेना. शब्द मोडला होता तो तिनेच.

सातला तो आला, चालत. रोज आल्या आल्या गाडीची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायचा. आज त्याचा हात सवयीने खिळ्यापर्यंत गेला आणि तसाच खाली आला.

“कुठे होतास इतका वेळ?” ती मशिनवरून उठली.

“कोपऱ्यावर, बाकावर,” तो बूट काढत म्हणाला. “कुलूप लावलेल्या घरात एकट्याने जायचा धीर होईना आज. तू पाच म्हणालीस, म्हणून म्हटलं सातला जावं.”