सडा टाकलेलं अंगण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, खात्यातल्या जिवलग मित्राला नाही. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही — म्हणून तर जमेल असं वाटतंय.

निवृत्तीनंतर मी लातूरला फौजदारकीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींना तपास शिकवतो. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो — आधी जागा राखा, मग माणूस शोधा. आणि मग एका हवालदाराची गोष्ट सांगतो. चोरी झालेल्या घरी तो पोचेपर्यंत घरच्यांनी अंगण झाडून सडा टाकलेला असतो. ठसे गेलेले. हा बाबा कपाळाला हात लावून बसतो. पोरं खदाखदा हसतात, मीही हसतो.

तो हवालदार मी, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण गोष्ट तशी घडली नव्हती.

गाव जळकोट तालुक्यातलं. किराणा दुकानवाल्या अप्पांच्या घरातून रात्री दागिने गेले होते. माझ्या एकट्याकडे आलेला तो पहिला तपास. मी पोचलो तेव्हा अंगण — झाडलेलं नव्हतं. चोरीच्या गोंधळात सकाळचा सडा राहून गेला होता. अप्पांनी अंगणात खुर्ची दिली, चहा दिला आणि चोराचं नावही देऊन टाकलं — त्यांचा सालगडी, मारुती. चहाबरोबर आरोपी मिळाल्यावर खुर्चीतून कोण उठतो?

तेवढ्यात अप्पांची बायको ओशाळली. साहेब आले आणि दार अजून पारोसं! तिने सुनेला हाक मारली. सून खराटा आणि शेणपाण्याची बादली घेऊन आली, माझ्यासमोर थबकली. बहुतेक विचारायचं होतं तिला — झाडू का? मी काय केलं असेल? खुर्ची उचलली आणि तिला वाट करून दिली.

का? हदगावकडच्या आमच्या गावात साहेब यायचा असला की माझी आई असाच सडा टाकायची. त्या दिवशी तो माझ्यासाठी पडत होता. सांगायला लाज वाटते, पण मला फार बरं वाटलं. सुनेने वर रांगोळीही काढली.

मग मारुतीला आणलं. त्याचा डावा पाय लहानपणापासून अधू, चालताना जमिनीला घासत जायचा. रडला नाही, हातापाया पडला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, अंगणात बघा की. माझा पाय असा फरफटतोय. मी आलो असंल तर रेघ दिसंल."

मी रांगोळीकडे बघितलं. म्हणालो, "अंगणात काहीच न्हाई."

शब्द खरेच होते की नाही? या एका वाक्यावर मी किती वर्षं स्वतःची समजूत काढली! तेच पंचनाम्यात लिहिलं. तेच कोर्टात शपथेवर सांगितलं — पावलांचे ठसे आढळले नाहीत. खरं बोललो असतो तर आधी माझीच खुर्ची गेली असती. मारुतीला जामीन राहायला कुणी पुढे आलं नाही. खटला उभा राहीपर्यंत तो आतच. शेवटी पुराव्याअभावी सुटला. पण सुटला म्हणजे चोरी केलीच नव्हती, असं गाव थोडंच मानतं? त्याला पुन्हा कुणी सालाने ठेवलं नाही, दारातही उभं केलं नाही. बायकोला घेऊन तो देगलूरच्या पुढे कुठेतरी निघून गेला. कुठे, ते मी शोधलं नाही. शोधणं हाच माझा धंदा, तरीही.

परवा लोह्याच्या एका मुलीने विचारलं, "सर, त्या हवालदाराचं पुढं काय झालं?"

"बढती मिळाली," मी म्हणालो. सगळा वर्ग हसला. ती मात्र हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली.

तिला जे सांगायला हवं होतं ते असं. अंगण आदल्या दिवशी दिवेलागणीला झाडलेलं होतं, त्यामुळे घरच्यांची आणि माझी सकाळची पावलं सोडली तर त्यावर होतं ते फक्त रात्रीचं. ठसे होते. फाटकापासून दारापर्यंत आणि परत. बुटांचे, दोन्ही पाय सरळ पडलेले. रेघ कुठेच नव्हती. सून बादली घेऊन येईपर्यंत मी खुर्चीत बसून तेच बघत होतो.